रांग मोडली, वेळ मोडली नाही

बालमित्रांनो, महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या आणि बोट पार पूर्वेच्या टोकाला न्या. सापडला गोंदिया जिल्हा? गोंदिया शहराला अगदी खेटून फुलचूर नावाचं गाव आहे. भाताच्या बांध्या, तलाव आणि दाट झाडी, असा हा सगळा मुलूख. म्हणून तर याला झाडीपट्टी म्हणतात! या भागातल्या कितीतरी गावांत दिवेलागणीला खंजिरीचा ठेका ऐकू येतो. सतरंज्या अंथरल्या जातात आणि लहानथोर रांगेत येऊन बसतात. ही असते सामुदायिक प्रार्थना.

ती रुजवली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी. त्यांचा जन्म १९०९ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. खरं नाव माणिक. १९३५ मध्ये त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला, आणि पुढे गावोगावी श्रीगुरुदेव सेवा मंडळं निघाली. खंजिरी वाजवत गावोगाव फिरताना महाराज लोकांना काय शिकवत होते? गाव झाडा, व्यसनं सोडा, एकत्र बसा. त्यांच्या ‘ग्रामगीते’त ४१ अध्याय आहेत. त्यांत प्रार्थनेवर अध्याय आहे, तसे गावाच्या स्वच्छतेवर, आरोग्यावर आणि श्रमावरही आहेत. म्हणजे देवाचा पाठ आणि झाडूचा पाठ एकाच पुस्तकात!

आता एक गंमत पाहा. या शाळेत इयत्ता नाही. पाच वर्षांची चिमी आणि पंचाहत्तर वर्षांची आजी एकाच वर्गात! चिमी टाळ्या वाजवून शिकते, दादा खंजिरी धरून शिकतो, आई-बाबा अर्थ ऐकून शिकतात. आणि आजी? ती इतरांना शिकवता शिकवता शिकते. उन्हाळ्याच्या सुटीत मुलांची शिबिरंही भरतात. पहाटे उठणं, ध्यान, व्यायाम, भजन, सफाई. भल्या पहाटे उठायच्या नावानं नाक मुरडणारी मुलं घरी परतताना मात्र रडवेली होतात!

पण २०२० साल उजाडलं आणि कोरोना आला. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. देवळं, मशिदी, विहार, चर्च, गुरुद्वारे, सगळ्यांची दारं बंद. महाराष्ट्रात ती उघडली थेट १६ नोव्हेंबर २०२० ला, दिवाळीच्या पाडव्याला. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली, ती ७ ऑक्टोबरला घटस्थापनेला उघडली. मग जिथे दाटीवाटीनं रांगेत बसायचं, त्या प्रार्थनेचं काय करायचं?

उत्तर जुनंच होतं. तुकडोजी महाराजांचं निधन झालं ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी. दरवर्षी पुण्यतिथीला मोझरीत त्याच मिनिटाला अफाट गर्दी एकदम स्तब्ध उभी राहते. ज्यांना तिथं जाता येत नाही, ते आपापल्या गावी त्याच वेळी हात जोडतात. म्हणजे जागा वेगळी, पण मिनिट एकच! दूर राहून एकत्र कसं यायचं, हे इथल्या माणसांना आधीच ठाऊक होतं.

म्हणून टाळेबंदीत रांग मोडली, तरी वेळ मोडायची गरज नव्हती. ज्यांच्याकडे फोन होता त्यांनी फोनवर भजन ऐकलं, गटात निरोप धाडले. पण मित्रांनो, प्रत्येक घरात असा फोन कुठे? कुठे तो एकच, आणि तोही बाबांच्या खिशात. कुठे फोन आहे, तर रेंज नाही. अशा घरात मग कोण कामी आलं असेल सांगा? आजी! तिला प्रार्थना तोंडपाठ. तिला ना चार्जर लागतो, ना रिचार्ज! तिच्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नसेल, तर नातवानं ओवी वाचायची आणि आजीनं अर्थ सांगायचा. एकाचे डोळे, दुसऱ्याचं शहाणपण. खंजिरी नसेल तर ताट आहेच की!

आणि हे काही एकाच पंथाचं नव्हतं बरं का. त्या वर्षी १ जुलैच्या आषाढी एकादशीसाठी ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका आदल्या दिवशी एसटीनं पंढरपूरला गेल्या, आणि लाखो वारकऱ्यांनी घरातच विठ्ठलाला हात जोडले. ईस्टरची प्रार्थना घरात झाली, बुद्धपौर्णिमेची वंदना घरात झाली, ईदची नमाजही घरातच झाली. प्रत्येक घरात कुणीतरी मोठं कुणातरी लहानाला म्हणालंच असेल, “ये, बस माझ्याजवळ. असं म्हणायचं असतं.”

मग घरातच बरं होतं की, असं वाटतं ना? थांबा. इथंच खरा प्रश्न आहे.

महाराजांनी लोकांना रांगेत का बसवलं? त्या काळी एकाच गावात कुणाला विहिरीवर मज्जाव, तर कुणाला देवळात. अशा गावात त्यांनी सांगितलं, प्रार्थना सगळ्यांची आहे, सगळ्यांनी मिळून बसा. सावकाराच्या मांडीला मजुराची मांडी लागली पाहिजे. हा प्रार्थनेतला सर्वांत अवघड धडा. ओव्या आठवड्यात पाठ होतात, हा धडा मात्र पाठ करून येत नाही, शेजारी बसूनच येतो. आता सांगा, घरात आपल्या शेजारी कोण बसतं? आपलीच माणसं! फोनवर तर कुणाचीच मांडी कुणाला लागत नाही. टाळेबंदीत शब्द टिकले, वेळ टिकली, पण हा धडा बंद पडला होता.

आता दारं केव्हाचीच उघडली आहेत. तरी काही जण म्हणतात, “फोनवर ऐकतो की, जायचं कशाला?” अंथरुणाला खिळलेल्या आजोबांसाठी, कामासाठी नागपूर-हैदराबादला गेलेल्या काकांसाठी फोन छानच आहे, तो असू द्या. पण तुमचे पाय धड आहेत ना? मग उठा आणि जा!

पालकहो, तुम्हालाही एक सांगणं. मुलाला एकट्याला धाडू नका, सोबत बसा. घरातला मोठा माणूस टीव्हीसमोर आणि मूल सतरंजीवर, अशानं मूल एवढंच शिकतं की प्रार्थना ही लहानांना लावलेली शिक्षा आहे.

तर मित्रांनो, या आठवड्याचा अभ्यास. पहिलं, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, “तुम्हाला तोंडपाठ काय येतं?” आणि त्यातलं थोडं तुम्ही पाठ करा. दुसरं, प्रार्थना, भजन, वंदना, नमाज, तुमच्या घरी जे असेल त्याची एक वेळ ठरवा आणि सात दिवस ती चुकवू नका. तिसरं थोडं कठीण आहे. जिथं सगळे जमतात तिथं जा आणि ज्याच्याशी तुम्ही आजवर कधी बोलला नाहीत, त्याच्या शेजारी बसा.

मग आम्हाला पत्रानं कळवा. काय पाठ झालं ते लिहा, आणि शेजारी कोण बसलं होतं, हे मात्र नक्की लिहा!