‘इतर नागरिक’ या शब्दांची साक्ष

मध्ययुगीन जर्मन नगरांतील ज्यू समाजाविषयी एक समजूत इतकी रूढ झाली आहे की तिला पुरावा मागावा असे सहसा कोणाला वाटत नाही. हा समाज नगरात राहूनही नगराचा कधीच नव्हता, सावकारी करीत तो आपल्या भिंतीआड राहिला आणि १३४९ मध्ये प्लेगच्या भयाने बिथरलेल्या जमावाने त्याचा बळी घेतला, असे तिचे स्वरूप आहे. तत्कालीन सनदा वाचल्या म्हणजे तिचे दोन्ही भाग ढासळतात.

श्पायरचा बिशप, म्हणजे तेथील ख्रिस्ती धर्माधिकारी आणि त्या काळी नगराचा धनीही, र्‍यूडिगर हुत्समान याने १०८४ मध्ये कौल देऊन ज्यूंना वसवले. खेड्याचे नगर करताना ज्यू येऊन राहिले तर गावाचा मान सहस्रपटीने वाढेल, असे त्याने सनदेतच नोंदवले आहे. सोन्याचांदीचा विनिमय, मोकळी खरेदीविक्री, चर्चच्या जमिनीतून दफनभूमी आणि आपसांतील तंट्यांचा निवाडा आपल्याच प्रमुखाकडून करून घेण्याची मुभा त्याने दिली. वेगळेपणाचा सिद्धांत मांडणारे याच सनदेतील भिंतीकडे बोट दाखवतात. भिंत होती हे खरेच. पण दांडगाई करणाऱ्या जमावाचा उपद्रव होऊ नये म्हणून ती बांधली, हे कारण तेथेच दिले आहे, आणि आपल्या आवारापुरता पहारा ज्यूंनी स्वतः द्यायचा होता. त्याहून मोलाचा आहे एक शब्द. ज्यूंची वस्ती ‘इतर’ नागरिकांपासून निराळी ठेवली, असे लॅटिन मजकूर म्हणतो; म्हणजे ज्या वाक्याने त्यांना वेगळे बसवले, त्याच वाक्याने त्यांना नागरिकांत मोजले. राजा चौथा हेन्री याने १०७४ मध्ये व्होर्म्सला दिलेल्या जकातमाफीतही ‘ज्यू आणि इतर व्होर्म्सवासी’ असाच उल्लेख आहे, आणि त्यात ज्यूंचे नाव आधी येते. फ्रांकफुर्टची सक्तीची ज्यू गल्ली १४६२ ची. ती मागे ओढून अकराव्या शतकावर लादणे हा इतिहासावर उघड अन्याय आहे.

परकेपण उपजत नव्हते. ते कायद्याने घडवले गेले. १२३६ मध्ये सम्राट दुसरा फ्रेडरिक याने साम्राज्यातील ज्यूंना ‘राजखजिन्याचे दास’ ठरवले. त्यांचे रक्षण सम्राटाने करावे आणि त्यांच्याकडून येणारा कर त्याच्या खजिन्यात जावा, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होता. रक्षण हीच उत्पन्नाची बाब झाल्यावर ती गहाण टाकता येऊ लागली, दुसऱ्याला देऊन टाकता येऊ लागली, आणि नागरिकाची मालमत्ता झाली.

आता प्लेगच्या भयाविषयी. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाच्या झुंडींनी व्होर्म्स आणि माइन्त्समध्ये केलेल्या कत्तलीत धर्मवेड होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु १३४९ ची गोष्ट निराळी आहे. स्ट्रासबुर्ग या तेव्हाच्या जर्मन नगरात १४ फेब्रुवारीला ज्यूंना जाळण्यात आले, तेव्हा प्लेग तेथे पोचलाही नव्हता. ज्यूंनी विहिरींत विष कालवल्याच्या आरोपावर विश्वास न ठेवणारे नगरमंडळ काही दिवस आधीच पदच्युत करण्यात आले होते. कत्तलीनंतर कर्जे रद्द झाली, तारण ठेवलेल्या वस्तू ऋणकोंना परत मिळाल्या आणि रोकड कारागीरसंघांत वाटली गेली. भयभीत जमाव इतका नेटका हिशोब करीत नाही.

न्यूर्नबर्गमध्ये तर कागदच आधी तयार होता. ज्यूंचा रक्षक म्हणवणारा राजा चौथा कार्ल याने १६ नोव्हेंबर १३४९ रोजी नगराला परवानगी दिली की ज्यूंची घरे पाडून तेथे बाजाराचे चौक करावेत आणि सिनगॉगच्या, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळाच्या, जागी मेरीमातेचे चर्च बांधावे. त्या दिवशी त्या घरांत माणसे राहत होती. ५ डिसेंबरला, म्हणजे एकोणीस दिवसांनी, त्यांपैकी ५६२ जण मारले गेले. ते चर्च आजही त्या बाजारचौकात उभे आहे.