नोटीस फुलोऱ्याआधी हवी

पाऊस महिना-दीड महिना मुरला की पुण्याच्या उपनगरांतल्या क्षेत्रीय कार्यालयांत एकाच मजकुराचे अर्ज येऊ लागतात. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर रान माजलंय, साप निघतात, संध्याकाळी खिडक्या उघडता येत नाहीत, मुलांच्या अंगावर पुरळ उठतंय. अर्जावर शिक्का बसतो, आरोग्य निरीक्षक जागा पाहून जातात आणि मालकाचा पत्ता शोधायला सुरुवात होते. नोटीस निघेपर्यंत गणपती येऊन जातात. जेसीबी फिरेपर्यंत दसरा उजाडतो. पुढच्या जूनमध्ये त्याच जागी तेच रान आणखी दाट उगवतं. नियम आहे, अधिकार आहे, खर्च वसूल करायची सोयही आहे. चुकतंय ते वेळापत्रक, आणि ते सुधारायला नव्या कायद्याची गरज नाही.

या रानातलं सगळ्यात त्रासदायक झाड गाजर गवत. पुण्याचा आणि त्याचा संबंध जुना आहे. १९५५-५६च्या सुमारास पुण्यात ते आढळल्याची नोंद झाली आणि तिथून देशभर त्याची दखल घेतली गेली. अमेरिकेतून आयात केलेल्या गव्हाबरोबर ते आलं, असं सर्रास मानलं जातं. त्याच्या परागकणांनी शिंका आणि दमा सुरू होतो, पानाफुलांच्या स्पर्शाने त्वचेचा दाह होतो, आणि एकदा अॅलर्जी जडली की ती वर्षानुवर्षं पिच्छा सोडत नाही. साफसफाईची कामं करणाऱ्या बायकांच्या हातांकडे आणि मानेकडे पाहिलं की हे कळायला डॉक्टर लागत नाही.

या झाडाचं वेळापत्रक मात्र अगदी चोख असतं. जूनअखेरीस जमिनीलगत कातरलेल्या पानांचं एक छोटं चक्र बसलेलं दिसतं. माती ओली असते, मूळ कोवळं असतं, हातमोजे घालून धरलं तर रोप मुळासकट अलगद निघतं. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलायला लागतं. ऑगस्टच्या मध्यावर तेच रोप कमरेला लागतं, टोकाला बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके येतात, आणि एकेक जोमदार झाड १०,०००हून अधिक बिया टाकतं. त्या बिया मातीत कित्येक वर्षं तग धरतात. फुलोऱ्यानंतर ग्रासकटर फिरवला तर बिया चहूकडे उडतात आणि राहिलेला बुडखा पुन्हा फुटतो. म्हणजे सप्टेंबरात कापणी करणारी पालिका पुढच्या वर्षीची पेरणीच करून जाते. जबलपूरचं तण संशोधन संचालनालय दर वर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजर गवत जागृती सप्ताह पाळतं. आपल्या नोटिसा तोवर टाइपसुद्धा झालेल्या नसतात.

अधिकार नाहीत, ही तक्रार अधिकाऱ्यांनी करू नये. मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्यात कलम ३७७ आहे. झाडोरा माजलेली, घाण झालेली किंवा कुंपणाअभावी लोकांनी शौचाला वापरलेली जागा साफ करण्याची, तिला कुंपण घालण्याची लेखी नोटीस मालकाला वा भोगवटादाराला देण्याचा अधिकार त्याने आयुक्तांना दिला. पुण्यासह राज्यातल्या बाकीच्या महापालिकांना १९४९चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. तिथेही नोटीस द्यायची, मुदत द्यायची, मुदतीत काम झालं नाही तर पालिकेने ते करून घ्यायचं आणि खर्च मालकाकडून वसूल करायचा, अशी वाट आखून दिलेली आहे. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारीही देऊ शकतात. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं जुनं कलम १३३ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १५२ झालं आहे. याच कलमावरून रतलाम नगरपालिकेचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. पैसे नाहीत, ही सबब सांगून नगरपालिकेला आपलं कर्तव्य टाळता येणार नाही, असा निकाल १९८० साली न्या. कृष्ण अय्यर यांनी दिला. चाळीसहून अधिक वर्षं झाली, तरी ती सबब अजून ऐकू येते.

अडचण खरी आहे ती मालक सापडण्याची. मोकळ्या प्लॉटचा मालक परदेशात असतो, किंवा वारला असतो आणि वारसांची नावं लागलेली नसतात, किंवा जागेचा दावा कोर्टात पडून असतो. गुंठेवारीच्या भागात सातबाऱ्यावर एकाच गटात पंधरा-वीस नावं असतात. आरोग्य निरीक्षकाने सातबारा आणि मिळकत पत्रिका शोधत फिरावं, ही अपेक्षाच अवाजवी आहे. पण मोकळ्या जागेवर पालिका करही लावते. कर आकारणी विभागाकडे त्या जागेचा क्रमांक असतो, बिल जाण्याचा पत्ता असतो, बऱ्याचदा मोबाइल नंबरही असतो. आरोग्य विभागाला तो मिळत नाही, कारण दोन विभागांची दफ्तरं एकमेकांशी बोलत नाहीत. करासाठी सापडणारा मालक गवतासाठी बेपत्ता होतो, हे नागरिकांनी का चालवून घ्यावं?

उपाय म्हणून दंड भरमसाट वाढवा, अशी मागणी दर पावसाळ्यात होते. मी तिच्याशी सहमत नाही. अमेरिकेतल्या अनेक शहरांत गवताची उंची मोजून दंड करतात, शिकागोत १० इंचांची मर्यादा आहे. फ्लोरिडातल्या डनीडिन शहरात २०१८ साली एक गृहस्थ आईच्या निधनानंतर तिच्या मालमत्तेची कामं उरकायला बाहेरगावी गेले होते. मागे घराभोवतीचं गवत वाढलं आणि रोजचे ५०० डॉलर याप्रमाणे दंड चढत जाऊन सुमारे ३०,००० डॉलरवर पोचला. शहराने घर विकून वसुली करण्याची तयारी केली. पुढे केंद्रीय न्यायालयांनी दंड वैध ठरवला, पण त्या सगळ्या दिवसांत शहराने एक माणूस पाठवून गवत कापून घेतलं असतं तर प्रश्न एका दुपारीत मिटला असता. दंडाचा आकडा फुगत जातो तेव्हा शेजाऱ्याला काहीच मिळत नाही. त्याला हवी असते साफ जागा. आपल्याकडे तर मोठ्या दंडाचा आणखी एक परिणाम ठरलेला आहे: तो तडजोडीचं निमित्त होतो.

उंचीचा निकषही आपल्या मातीत चालणार नाही. मोकळ्या जागेत उगवणारं सगळंच उपटून टाकण्याजोगं नसतं. हरतालिकेला, गणपतीला लागणारा आघाडा आणि दुर्वा अशाच पडीक जागांतून येतात. कुर्डूची आणि टाकळ्याची कोवळी पानं श्रावणात बाजारात भाजी म्हणून विकायला येतात. टाकळा तर दाट वाढला की गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही, म्हणून तण शास्त्रज्ञ पावसाआधी त्याचं बी टाकायला सांगतात. कुणी आपल्या अंगणात देशी झाडोरा जाणीवपूर्वक राखला असेल तर त्याला नोटीस जाता कामा नये. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने २०२३ साली असा राखलेला नैसर्गिक झाडोरा शहरांनी चालवून घ्यावा, असा कायदाच केला. आपला निकष साधा असावा: फुलोऱ्यावर आलेलं गाजर गवत, साचलेला कचरा, तुंबलेलं पाणी आणि मोडकं किंवा नसलेलं कुंपण. डेंग्यूचा डास गवतात अंडी घालत नाही. गवतात लोक फेकतात त्या करवंट्या, टायर आणि प्लॅस्टिकच्या डब्यांत साठलेल्या पाण्यात तो घालतो. उंदीर कचऱ्यामागे येतात आणि घोणस उंदरांमागे येते. कारण काढलं नाही आणि नुसतं गवत कापलं, तर तक्रार महिन्याभरात परत येणार.

मग करायचं काय? मोकळ्या जागेच्या कराच्या बिलावरच दोन तारखा छापा, जुलैची १० आणि ऑगस्टची १०. या तारखांना जागा साफ नसेल तर पालिका ती साफ करील आणि चौरस मीटरमागे इतका खर्च पुढच्या बिलात येईल, हे त्याच कागदावर लिहा. बिल हीच आगाऊ सूचना ठरावी, कायद्याला वेगळी नोटीस लागत असेल तर तीही मे महिन्यातच बजावून ठेवावी आणि जागेवर चिकटवावी. पालिकेनेच साफ करावं असं वाटणाऱ्या मालकाला, विशेषतः म्हाताऱ्या आणि बाहेरगावच्या मालकाला, एक फॉर्म भरून ठरलेला दर देता यावा, त्यात दंडाचा प्रश्नच येऊ नये. वादातल्या जागेचा खर्च जागेच्या खात्यावर चढवावा, कोर्टातला निकाल ज्याच्या बाजूने लागेल तो भरील. दंड ठेवावा तो फक्त वर्षामागून वर्ष दाद न देणाऱ्यांसाठी. आणि उपटायला जाणाऱ्या प्रत्येक कामगाराला हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मास्क मिळालाच पाहिजे. ही अट ठेकेदाराच्या करारात नसेल तर कामच देऊ नये.

याआधी पालिकेला एक गोष्ट करावी लागेल. विकास आराखड्यात शाळा, बाग, दवाखान्यासाठी राखून ठेवलेले आणि ताब्यात आलेले भूखंड, नाल्यांचे काठ, पंपिंग स्टेशनची आवारं हीसुद्धा ऑगस्टात पांढऱ्या फुलांनी भरलेली असतात. स्वतःच्या जागेत गाजर गवत पोसणाऱ्या पालिकेच्या नोटिशीला मालक जुमानत नाही, आणि त्यात त्याचं सगळंच चुकतं असं मला म्हणता येत नाही. म्हणून प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने जूनअखेर आपल्या भूखंडांची यादी दारावर लावावी आणि जुलैच्या १० तारखेला कुठलं साफ झालं, कुठलं राहिलं, हे तिच्यावर लिहावं. खासगी मालकाकडे बोट दाखवण्याचा अधिकार त्यानंतरचा.

वाचकांना माझी विनंती आहे. ऑगस्टात अर्ज करायचा तो जरूर करा, पण तो यंदाच्या रानासाठी असेल. पुढच्या वर्षीच्या रानासाठीचा अर्ज जानेवारीत द्या, अंदाजपत्रक ठरण्याआधी. त्यात तुमच्या गल्लीतल्या मोकळ्या प्लॉटांची यादी जोडा, पालिकेच्या मालकीचे वेगळे दाखवा, बिलावर तारखा छापण्याची आणि साफसफाईच्या तरतुदीची मागणी लिहा, आणि पोच घेऊन तिची प्रत नगरसेवकाला द्या. जून उजाडताना कामगार, हातमोजे आणि मालकांचे पत्ते पालिकेच्या हाताशी असतील, तरच हे गवत फुलण्याआधी निघेल.