बूट नवरदेवाचा नको, पोस्टमनचा हवा



पांढरा शर्ट, टाय, गडद रंगाची पँट आणि छातीवर नावाची काळी पट्टी अशा वेशात दोघे-दोघे मिळून फिरणारे तरुण जगातल्या अनेक शहरांत दिसतात. हे मॉर्मन पंथाचे प्रचारक. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केले. आज त्याचे मुख्य ठाणे अमेरिकेच्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीला आहे. मुले दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष घर सोडून हे काम करतात. २०१२ साली मुलांसाठी किमान वय १९ वरून १८ करण्यात आले. कामाला पगार नाही. कपडालत्ता ज्याचा त्याने, म्हणजे बहुधा घरच्यांनीच घ्यायचा. या खरेदीत सर्वात विचारपूर्वक घ्यायची वस्तू म्हणजे बूट.

असे का? कारण हे काम पायांचे आहे. अनेक ठिकाणी दिवसभर चालायचे किंवा सायकल मारायची असते. शिवाय नियम असा, की दोघा जोडीदारांनी एकमेकांना सोडून जायचे नाही. एकाच्या टाचेला फोड आला, की दुसऱ्याचेही काम खोळंबते. वेश नीटनेटका हवा, म्हणून खेळाचे बूट चालत नाहीत. तेव्हा बूट दिसायला कचेरीचा, पण अंगाने कष्टकऱ्याचा हवा. लग्नात मिरवायचा चकचकीत, पातळ तळाचा बूट अशा पायपिटीत फार दिवस टिकत नाही.

दुकानात बूट उलटा करून पाहावा. स्वस्त बुटाचा तळ नुसता चिकटवलेला असतो. तो झिजला किंवा उकलला, की बहुतेक वेळा बूटच टाकून द्यावा लागतो. गुडइयर वेल्ट या पद्धतीत वरच्या चामड्याला कडेने एक पट्टी शिवतात आणि तळ त्या पट्टीला शिवतात. त्यामुळे झिजलेला तळ काढून कारागीर नवा बसवू शकतो. असा बूट महाग पडतो खरा. परंतु दोन वर्षांत चार वेळा स्वस्त बूट घेण्यापेक्षा एकाच बुटाला नवा तळ लावणे पुष्कळदा परवडते. वरचे चामडे अस्सल असावे, म्हणजे ते पायाचे वळण घेते आणि पॉलिशही धरते. तळ रबराचा असावा. गुळगुळीत चामडी तळ ओल्या फरशीवर घसरतो.

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. रोज जे मोजे घालायचे तेच घालून, दोन्ही पायांत बूट घालून चालून पाहावे. एक पाय मोठा असेल तर त्याचे माप धरावे. सर्वात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि टाच मागे सुटता कामा नये. ‘वापरून सैल होईल’ या बोलण्यावर विसंबू नये. चामडे रुंदीला थोडे सैल होते, लांबीला नाही. मुलींनीही उंच टाच टाळावी. बसकी टाच आणि पायावर घट्ट राहणारा पट्टा किंवा नाडी असलेला बूट चालायला बरा.

कोणत्या देशात जायचे हेही पाहावे. फिलिपिन्सच्या पावसात लवकर वाळणारा बूट हवा, तर फिनलंडच्या बर्फात जाड मोज्यांना जागा ठेवणारा आणि खाचांच्या तळाचा.

आणखी एक गोष्ट. एक भारी जोड घेण्यापेक्षा दोन चांगले जोड घेऊन ते आलटून पालटून घालावेत. घामाने ओलावलेला बूट नीट वाळायला एक दिवस तरी लागतो. ओला बूट रोज घातला तर शिवण कुजते आणि पायाला वास व खाज सुटते. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून तो सावलीत ठेवावा. शेगडीजवळ ठेवल्यास चामडे तडकते. नवा बूट निघण्याआधी काही आठवडे घरात आणि गल्लीत वापरावा. चावायचा असेल तर तो घरीच चावू द्या, परमुलखात नको.

या प्रचारकांना आठवड्यातून एक दिवस धुणे, बाजारहाट आणि घरी खुशाली कळवण्यासाठी मिळतो. त्याच दिवशी दहा मिनिटे बुटांना द्यावीत. चिखल पुसावा, पॉलिश करावे, टाच झिजली का ते पाहावे. टाचेचा कोपरा झिजला असतानाच दुरुस्त केला तर थोडक्यात भागते. पुढे गेल्यास चाल वाकडी पडते आणि गुडघे, कंबर दुखू लागते.

पोस्टमन असो, पहारेकरी असो की दारोदार माल विकणारा, पायांवर पोट असलेल्या प्रत्येकाला हाच हिशोब लागू आहे. किंमत विचारण्याआधी बूट किती दिवस चालेल आणि दुरुस्त होईल का, हे विचारावे.