विश्लेषण : अनुदान वाढले, मग शेतकऱ्याच्या हाती काय उरते?

केंद्राचे वर्षाला सहा हजार, राज्याचे सहा हजार, कृषिपंपांना मोफत वीज, खतांवर अनुदान, अतिवृष्टी झाली की पॅकेज. महाराष्ट्रात शेतकऱ्याच्या नावाने होणारा सरकारी खर्च वाढतच गेला आहे. तरीही कर्जमाफीची मागणी मागे पडत नाही. अनुदान पोहोचतच नाही, की पोहोचूनही पुरत नाही? अनुदान नेमके कशाला जोडलेले आहे, यातून या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते.

राज्यातील शेतकरी कुटुंबाचे उत्पन्न किती?

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या ७७ व्या फेरीतील पाहणीनुसार (जुलै २०१८ ते जून २०१९) महाराष्ट्रातील शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न ११,४९२ रुपये होते. देशाची सरासरी १०,२१८ रुपये, कर्नाटकची १३,४४१ आणि पंजाबची २६,७०१. औद्योगिकदृष्ट्या आघाडीवरचे हे राज्य शेती उत्पन्नात देशाच्या सरासरीपेक्षा जेमतेम वर आहे. त्यातही हे सगळे उत्पन्न शेतातून येत नाही. देशपातळीवर मजुरी व पगारातून ४,०६३ रुपये मिळत होते, तर पिकातून ३,७९८. म्हणजे शेतकरी म्हणून नोंद असलेले कुटुंब पिकापेक्षा मजुरीवर अधिक कमावत होते. शिवाय या हिशेबात फक्त खिशातून गेलेला खर्च वजा केला आहे. घरच्यांचे कष्ट आणि घरचे बियाणे धरले, तर देशाची सरासरी ८,३३७ रुपयांवर येते.

त्याच पाहणीत राज्यातील शेतकरी कुटुंबावरील सरासरी थकीत कर्ज ८२,०८५ रुपये होते. दुसरीकडे जमिनीचे तुकडे होतच आहेत. १९७०-७१ मध्ये सरासरी वहिवाट ४.२८ हेक्टर होती, २०१५-१६ च्या कृषी गणनेत ती १.३४ हेक्टर भरली. राज्यातील बहुतांश शेती आजही पावसावर अवलंबून आहे.

रोख मदत कोणाला मिळते?

पीएम-किसान योजना २०१९ मध्ये सुरू झाली. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तिला ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ची जोड दिली. दोन्ही मिळून वर्षाला १२ हजार, म्हणजे महिन्याला एक हजार रुपये. ही रक्कम थेट खात्यात येते आणि पेरणीच्या तोंडावर आली तर बियाण्याची एखादी पिशवी सुटते, हे मान्य करावेच लागेल. पण तिची दारवाजाची चौकट सातबारा आहे. १ फेब्रुवारी २०१९ पूर्वी जमीन नावावर असण्याची अट असल्याने, नंतर विकत घेणारे बाहेर राहिले. दुसऱ्याची जमीन बटईने किंवा ठोक्याने करणाऱ्याला काहीच मिळत नाही, कारण असे व्यवहार बहुधा तोंडी असतात. पीक बुडाले तर नुकसान कसणाऱ्याचे, हप्ता मात्र मालकाच्या खात्यात. शेतात दिवसभर राबणाऱ्या पण सातबारावर नाव नसलेल्या महिलेचीही गत तीच.

सर्वात मोठा खर्च कशावर?

राज्याच्या तिजोरीतून जाणारी मोठी रक्कम विजेची आहे. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजने’त साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख कृषिपंपांचा समावेश झाला. त्यासाठीचा वार्षिक भार १४,७६० कोटी रुपये सांगितला गेला. त्यातील जवळपास निम्मी रक्कम आधीपासूनच वीजदर सवलतीपोटी दिली जात होती. भागाकार केला तर पंपामागे वर्षाला सरासरी ३३ हजारांहून अधिक रुपये पडतात. ‘नमो’चे सहा हजार त्यापुढे किरकोळ ठरतात.

राज्यात वहिवाटी आहेत सुमारे दीड कोटी. एका वहिवाटीमागे एकच पंप धरला तरी दोन तृतीयांशांहून अधिक वहिवाटी या योजनेच्या बाहेर राहतात. विहीर नाही, बोअरला पाणी नाही, त्याला मोफत विजेचा उपयोग काय? सरकारी मदत पाणी असलेल्याकडे आधी वळते आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या वाट्याला हप्ता येतो. खताचेही तसेच. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते ती केंद्राच्या अनुदानामुळे, पण जितकी गोणी जास्त तितके अनुदान जास्त, आणि बागायतदार अधिक गोण्या वापरतो. मोफत विजेचे पैसे शेतकऱ्याला नव्हे, महावितरणला मिळतात, हेही लक्षात ठेवायला हवे. मीटर नसलेल्या पंपांचा वापर फुगवून दाखवला जातो, हा वीज ग्राहक संघटनांचा आक्षेप जुना आहे.

मग उत्पन्न का वाढत नाही?

कारण उत्पन्न भावाने ठरते. सोयाबीनचेच पाहू. २०२४-२५ साठी हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या हंगामात मराठवाडा-विदर्भाच्या बाजार समित्यांत बराच काळ ४,००० ते ४,३०० च्या आसपास दर राहिला. सरासरी १.३४ हेक्टरचा शेतकरी, हेक्टरी १२ क्विंटल उतारा आणि ४,२०० चा दर धरला, तर १६ क्विंटलमागे हमीभावापेक्षा सुमारे ११ हजार रुपये कमी पडतात. दोन्ही योजनांचे मिळून वर्षाचे १२ हजार एका हंगामाच्या भावफरकात जवळपास संपतात.

सरकारी खरेदी झाली नाही असे नाही. उलट त्या वर्षी ती मोठ्या प्रमाणावर झाली. पण नोंदणी, बारदान्याची टंचाई, ओलाव्याची अट आणि केंद्रांवरच्या रांगा यांत आठवडे जातात. दिवाळी, रब्बीची पेरणी आणि दुकानदाराची उधारी समोर असलेल्याला तितके थांबता येत नाही. तो माल अडत्याकडे नेतो. ओलावा १२ टक्क्यांऐवजी १५ टक्क्यांपर्यंत चालेल, हा निर्णयही नोव्हेंबरमध्ये, म्हणजे अनेकांनी विकून टाकल्यावर आला.

भाव पडण्यात सरकारी धोरणाचाही हात असतो. सोयाबीनमधून तेलापेक्षा पेंड कितीतरी अधिक निघते. इथेनॉलसाठी मका व तांदूळ वापरल्यावर उरणारा चोथा पशुखाद्यात स्वस्तात येऊ लागला आणि पेंडीचे दर दबले. मे २०२५ मध्ये, खरिपाच्या तोंडावर, कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क २० वरून १० टक्के झाले. त्याच ऑगस्टमध्ये कापसावरील ११ टक्के आयात शुल्क उठले आणि सवलत वर्षअखेरपर्यंत लांबली. म्हणजे नवा कापूस बाजारात यायच्या वेळी. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरपासून मे २०२४ पर्यंत निर्यातबंदी, पुन्हा शुल्क, ते पूर्ण उठले एप्रिल २०२५ मध्ये. शहरी ग्राहकासाठीच्या महागाई नियंत्रणाचा खर्च असा नाशिक आणि लातूरच्या शेतात वसूल होतो, आणि तो कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही.

विमा आणि कर्जमाफीचे काय?

एक रुपयात पीक विमा खरीप २०२३ पासून मिळाला. बोगस अर्जांची प्रकरणे निघाली आणि २०२५ च्या खरिपापासून योजना बंद झाली. बोगस अर्ज रोखायलाच हवे होते. पण त्याबरोबर स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, काढणीपश्चात नुकसान हे निकषही गेले. भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगावर आली. नेमके त्याच सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात शेते पाण्याखाली गेली. सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. विम्याने करायचे काम पुन्हा घोषणेवर आले, आणि घोषणेला हक्काचे बळ नसते.

कर्जमाफी २०१७ मध्ये दीड लाखापर्यंत झाली, २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंत. दोन्ही वेळा सावकार आणि कृषी सेवा केंद्राची उधारी बाहेरच राहिली.

पर्याय कोणते?

विम्यात वाचणारा पैसा भांडवली गुंतवणुकीकडे वळवून वर्षाला पाच हजार कोटींची कृषी समृद्धी योजना आखली गेली आहे. शेततळे, ठिबक, गोदाम यांवर तो खरोखर आणि कोरडवाहू तालुक्यांत खर्च झाला, तर त्याला अर्थ आहे. भावाबाबत राज्याने २०२३ च्या खरिपातील सोयाबीन-कापसासाठी हेक्टरी पाच हजार, दोन हेक्टरपर्यंत, असे साह्य दिले. त्यात भाव किती पडला याचा संबंध नव्हता आणि पैसे पुढच्या हंगामात, विधानसभा निवडणुकीच्या आधी खात्यात आले. हमीभाव व बाजारभावातील फरक त्याच हंगामात देण्याची कायमस्वरूपी यंत्रणा उभी करायची, तर ई-पीक पाहणीची नोंद आणि बाजार समितीची पावती एकमेकांशी जुळवावी लागेल. तिथे बटईदाराची नोंद कशी घ्यायची, हा प्रश्न महसूल खात्याकडे अडतो. कारण जमिनीवर हक्क सांगितला जाईल या धास्तीने मालक त्याचे नाव लावू देत नाही.