हातात हात, सीमेवर पाय

डिसेंबर २००८ मध्ये बेळगावच्या लष्करी छावणीत चिनी सेनेची एक तुकडी दाखल झाली आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांसमवेत तिने दहशतवादविरोधी सराव केला. 'हँड इन हँड' असे त्या सरावाचे नाव. मुंबईवरील हल्ल्याच्या जखमा तेव्हा ओल्या होत्या. या लढ्यात चीन आपल्या खांद्याला खांदा लावून उभा आहे, असा समज होणे त्या दिवसांत अगदी सोपे होते. पुढे जैश-ए-महंमदचा म्होरक्या मसूद अझर याला संयुक्त राष्ट्रांच्या यादीत घालण्याचा प्रश्न आला, तेव्हा याच चीनने तांत्रिक हरकतीच्या आडोशाने तो वर्षानुवर्षे अडवून धरला. ती हरकत सुटली १ मे २०१९ रोजी.

मैत्रीचे वारे पुन्हा वाहू लागले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये देपसांग व डेमचोक येथील गस्तीविषयी समझोता झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये पंतप्रधान तियानजिनला जाऊन आले. बंद पडलेली थेट विमाने सुरू झाली. चीन बदलला काय, असे साहजिकच विचारले जाते. वस्तुतः चीन वारंवार बदललेला आहे. तो कशापायी बदलतो, हेच पाहावयाचे असते.

१९५४ साली पंचशील करार झाला, तेव्हा चीन कोरियातील युद्धातून नुकताच बाहेर पडला होता आणि संयुक्त राष्ट्रांत त्याला जागा नव्हती. त्याला आशियात मित्र हवे होते. भाईचाऱ्याच्या घोषणा आपल्या वाट्याला आल्या. तिबेटवरील त्याच्या सत्तेला मान्यता मात्र त्याने पदरात पाडून घेतली. त्याच दशकात अक्साई चीनमधून त्याचा रस्ता गेला आणि १९६२ साली काय झाले ते सर्वश्रुतच आहे. १९६९ साली रशियाशी उसुरी नदीवर चकमकी झडल्या, तशी अमेरिकन साम्राज्यशाहीला शिव्या मोजणाऱ्या माओंनी १९७२ साली निक्सन यांना पेकिंगमध्ये बोलावून घेतले. तत्त्वज्ञान तेच, पाहुणा तेवढा वेगळा! १९७८ नंतर देंग यांना कारखाने उभारावयाचे होते. त्यासाठी सीमा शांत हव्या होत्या. राजीव गांधींची १९८८ ची पेकिंग भेट, १९९३ व १९९६ चे करार हे सारे त्या गरजेच्या काळातले.

गोमंतकीयांना यातले मर्म चटकन कळावे. गोवा १९६१ साली मुक्त झाला. परंतु त्याच पोर्तुगालच्या ताब्यातील, अगदी आपल्या दाराशी असलेले मकाव चीनने २० डिसेंबर १९९९ पर्यंत तसेच राहू दिले. जे केव्हाही हाताशी येणार, त्याची त्याला घाई नसते.

बेळगावचा सराव झाला तो या मवाळ कालखंडाच्या अखेरीस. त्याच वर्षी पेकिंगने ऑलिंपिक साजरे केले, पाश्चात्त्यांच्या बँका कोसळल्या आणि आता नमते घेण्याचे कारण उरले नाही, अशी भाषा चिनी वर्तनात दिसू लागली. २०१० साली जम्मू-काश्मीरची जबाबदारी असलेल्या आपल्या सेनाधिकाऱ्याला व्हिसाचे निमित्त करून नाकारले गेले व संयुक्त सराव थांबले. ते २०१३ साली पुन्हा सुरू झाले. पण त्याच वर्षी देपसांग, पुढच्या वर्षी चुमार, २०१७ मध्ये डोकलाम येथे चिनी फौजा ठाण मांडून बसल्या. १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये दगडांनी व खिळे ठोकलेल्या दंडुक्यांनी मारामारी झाली. नियंत्रणरेषेपासून दोन किलोमीटरांच्या आत गोळी झाडू नये, असे १९९६ चा करार सांगतो. गोळी सुटली नाही. आपले वीस जवान मात्र गेले.

निपाणी, खानापूर, चंदगड या भागांतील मुले बेळगावच्या मराठा केंद्रात शिकून उद्या त्याच बर्फात उभी राहणार आहेत. त्यांच्या घरच्यांना शिखर परिषदेतील छायाचित्रांचे काय मोल? १९५६ पासून एका रेषेपायी झगडणाऱ्या सीमाभागाला नकाशाचे महत्त्व कोणी शिकवावयास नको. तेथील वाद सत्याग्रह, आयोग आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालय या मार्गाने चालला आहे. हिमालयातील रेषेला न्यायालय नाही. म्हणून त्या १९९६ च्या करारातील दहावे कलम मोलाचे. नियंत्रणरेषा स्पष्ट करण्यासाठी उभयतांनी आपापले नकाशे एकमेकांना द्यावेत, असे ते सांगते. मधल्या विभागाचे नकाशे २००० साली दिले-घेतले गेले. लडाखच्या बाजूचे २००२ साली पुढे आले आणि चीनने ते मागे घेतले. आपली दृष्टी कोठपर्यंत आहे, हे कागदावर येऊ देण्याची त्याची तयारी नाही.

२०२४ चा समझोता गस्तीपुरता आहे. व्यापार वाढवावा, विमाने उडवावीत, त्यास आमचा विरोध नाही. मात्र संयुक्त सरावाचा प्रस्ताव पुन्हा येईल, तेव्हा दिल्लीने आधी लडाखचे नकाशे मेजावर मागावेत.