कडी आतूनच हवी

डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात निपाणीहून आमची आत्या चार दिवस राहायला आली होती. वय पंचाहत्तर, पण मुलाने घेऊन दिलेला स्मार्टफोन ती मोठ्या झोकात वापरते. एका संध्याकाळी फोनचा पडदा काळा पडला म्हणून तिने बाजूचे बटण भराभर दाबले, आणि पडद्यावर ११२ क्रमांक झळकला. ती धावतच माझ्याकडे आली. "अरे, पोलिसांना लागला की काय बघ!" मी तो कॉल वेळीच तोडला. श्वास जागेवर आल्यावर तिने विचारले, "या बटणाला ही खोड लावली कुणी?"

"सरकारनं," मी म्हटले. तिला थट्टा वाटली.

पण मंडळी, ही थट्टा नाही. २०१६ साली केंद्र सरकारने नियम केला की, जानेवारी २०१७पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये संकटात मदत मागण्याची सोय हवी. साध्या फोनवर ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरायचा. स्मार्टफोनवर वेगळे बटण नसेल तर चालू-बंदचेच बटण तीनदा दाबायचे. महिलांच्या सुरक्षिततेसाठी केलेला हा नियम. त्याच वर्षी दुसराही आदेश निघाला. फोनवर २२ भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत, आणि इंग्रजी-हिंदीखेरीज आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता आले पाहिजे. पूर्वी मराठी निरोप आला की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे, ते आठवते ना? आमच्यासारख्या, घरात मराठी आणि शेजारी कन्नड असलेल्या माणसांना अशा नियमाची किंमत वेगळी सांगायला नको.

तेव्हा फोन फक्त कंपनी घडवते हा आपला समज अर्धाच खरा. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४पासून नव्या फोनना एकाच प्रकारचे चार्जिंगचे तोंड सक्तीचे केले. त्याआधीच, २०२३मध्ये, अॅपलसारख्या कंपनीला आपल्या आयफोनचे तोंड बदलावे लागले.

आत्या आली त्याच आठवड्यात वर्तमानपत्रांत एका वेगळ्या आदेशाची चर्चा होती. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने कंपन्यांना कळवले की, ९० दिवसांत प्रत्येक नव्या फोनमध्ये 'संचार साथी' हे सरकारी अॅप आधीच घालून द्यावे. ते सहज दिसावे आणि त्याचे काम बंद पाडता येऊ नये. हेतू वाईट नव्हता. चोरीचे फोन आणि बनावट आयएमईआय क्रमांक पकडायचे होते. फसवणुकीच्या फोनपायी म्हाताऱ्या माणसांची आयुष्याची पुंजी जाते, हे आपण रोज वाचतो. पण देशभर ओरड झाली. 'अॅप नको असेल तर काढून टाका', असे मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांनी सांगितले, पण आदेशाची भाषा तशी नव्हती. अखेर ३ डिसेंबरला सक्ती मागे घेण्यात आली.

"मग झालं की! कशाला उगाळता?" आत्या म्हणाली. आपल्याकडे म्हण आहे, म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो. ते बटण आणि हे अॅप यांत फरक आहे. बटण मी दाबेन तेव्हाच बोलते. अॅप मात्र मी न विचारता येणार आणि मी म्हटले तरी जाणार नाही. आज ते चोरीचा फोन शोधेल. उद्या त्याला आणखी कोणते काम लावले जाईल, हे मला कोण विचारणार?

कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात हात घालायचा तर कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि उपाय हेतूच्या मापाचा हवा. मूठभर भामट्यांसाठी कोट्यवधी फोनांत कायमचा पाहुणा बसवणे त्या मापात बसते का, हाच प्रश्न आहे.

आणि सरकारच नको, असेही म्हणून चालणार नाही. आपली माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांना आवरायला कायदाच लागतो. आपल्याकडे तो २०२३मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. मात्र त्याच कायद्यात सरकारला स्वतःच्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा आहे. दुसऱ्याला शिस्त लावणाऱ्याने स्वतःही ती पाळावी, एवढीच अपेक्षा.

जाण्यापूर्वी आत्याच्या फोनवर मी *#०६# दाबले आणि आलेला पंधरा आकडी आयएमईआय तिच्या डायरीत लिहून दिला. फोन हरवला तर तो लागतो. तुम्हीही लिहून ठेवा. मग ते सरकारी अॅपही तिला दाखवले. तिने विचार करून ते स्वतःच घेतले. म्हणाली, "पाहुणा चांगला असेल तर मी दार उघडीन की. पण कडी आतूनच हवी बाबा!"