सर्वकालीन मुंबई संघ आणि आकड्यांची साक्ष

मुंबईत वाढलेल्या माणसाला एकवेळ स्वतःचा रक्तगट ठाऊक नसेल. परंतु सर्वकालीन मुंबई संघात सलामीला कोणी यावे, याविषयी त्याचे मत पक्के असते. आमच्या वडिलांच्या पिढीने असे संघ लोकलच्या प्रवासात, वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासात लिहिले आणि घाटकोपर येईपर्यंत खोडलेही. त्या निवडीला आधार असे तो आठवणींचा. आमच्या पिढीच्या हाती मात्र विजय मर्चंटांपासून रोहित शर्मापर्यंत प्रत्येकाची कारकीर्द आकड्यांच्या रूपाने आयती आलेली आहे. त्यातून आमच्या मित्रमंडळीत एक खेळ रूढ झाला आहे. त्या खेळाविषयी, आणि त्या निमित्ताने आकड्यांवर किती विसंबावे याविषयी, चार शब्द लिहावेत असे वाटते.

खेळ असा. ऑफ तासाला कँटीनमध्ये सहा जण बसतात. चिठ्ठ्या टाकून क्रम लागतो. एकाने एखादा खेळाडू घेतला की तो इतर पाचांना बंद. दुसऱ्या फेरीत क्रम उलटा, म्हणजे शेवटच्यावर अन्याय नको. खेळाडू कोणत्याही काळातला चालेल. अट एकच, तो रणजी सामन्यांत मुंबईकडून खेळलेला असावा. यष्टिरक्षक धरून सात फलंदाज आणि चार गोलंदाज जमले की प्रत्येकाचे प्रथम श्रेणी सामन्यांतले आकडे काढायचे. फलंदाजांच्या सरासरीची बेरीज करायची, तीतून गोलंदाजांच्या सरासरीची बेरीज वजा करायची. ज्याची बाकी मोठी तो जिंकला. ज्याची सर्वांत लहान, त्याने चहा पाजायचा.

शाळेत पुस्तकाची पाने उघडून आपण जे बुक क्रिकेट खेळलो, त्याचा हा थोरला भाऊ म्हणावा लागेल. याचे परदेशी नातेवाईकही आहेत. अमेरिकेत हॅल रिचमन या गृहस्थाने १९६१ साली बेसबॉलचा असाच एक खेळ बाजारात आणला. प्रत्येक खेळाडूच्या खऱ्या आकड्यांवरून बनवलेली पत्ती आणि सोबत फासे. तेथील मुले घरबसल्या वेगवेगळ्या काळांतले खेळाडू एकमेकांसमोर उभे करू लागली. तेव्हा मृतांना मैदानात उतरवण्याची हौस काही आपलीच नाही.

आता गंमत पाहा. आमच्या नियमाप्रमाणे पहिली चिठ्ठी ज्याची निघते, तो सचिन घेत नाही आणि गावसकरही घेत नाही. तो मुकाट्याने विजय मर्चंट घेतो. मर्चंटांची प्रथम श्रेणीतील सरासरी ७१.६४ आहे, सचिनची ५७.८४ आणि गावसकरांची ५१.४६. गावसकर आणि सचिन या दोघांची प्रथम श्रेणीतील शतके प्रत्येकी ८१ भरतात, पण आमच्या कोष्टकात शतकांना स्थान नाही. रणजी सामन्यांत तर मर्चंटांची सरासरी ९८.७५ इतकी आहे. नवख्या गड्याला हे पटत नाही. तो म्हणतो, "मर्चंट कसोटीत किती खेळले ते सांगा." उत्तर आहे दहा सामने. पहिला १९३३ साली, शेवटचा १९५१ साली, दहाही इंग्लंडविरुद्ध. मधली बरीच वर्षे महायुद्धाने खाल्ली. तेथे त्यांची सरासरी ४७.७२ आहे. मग कोणता आकडा खरा? दोन्ही खरे आहेत. वादाला तोंड फुटते ते येथेच.

कारण आकडा खरा असला तरी तो एकटा उभा असतो. १९४८-४९ च्या हंगामाचे उदाहरण घेऊ. पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यातील रणजी सामन्यात चार डावांत मिळून २३७६ धावा झाल्या. मुंबईच्या ६५१ आणि ७१४, महाराष्ट्राच्या ४०७ आणि ६०४. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात याहून अधिक धावा आजवर झालेल्या नाहीत. त्याच हंगामात, पुण्यातच, भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम मोडायला दहा धावा हव्या होत्या, तेवढ्यात प्रतिपक्षाने सामनाच सोडून दिला. हे निंबाळकर पुढे एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत. आता याच्या उलट टोक पाहा. १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासच्या चेपॉक मैदानावर तमिळनाडूचे दोन डाव ८० आणि ६१ धावांत आटोपले. पद्माकर शिवलकर यांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले. पुण्याच्या त्या खेळपट्टीवर काढलेली शंभर धावांची खेळी आणि चेपॉकवर काढलेल्या तीस धावा यांत मोठी कोणती? सरासरी याचे उत्तर देत नाही. ती दोन्ही खेळ्या एकाच पोत्यात भरते आणि वजन सांगते.

येथपर्यंत वाचून काही वाचक समाधानाने मान डोलावतील. "आम्ही हेच म्हणत होतो. आकडे बिकडे सोडा, डोळ्यांनी पाहिलेले खरे." हा पक्ष आमच्या महाविद्यालयात प्रबळ आहे आणि त्याचे पुढारीपण बहुधा आमच्या प्राध्यापकांकडे आहे. त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून मी असे म्हणेन की, डोळ्यांची साक्ष आकड्यांहून अधिक पक्षपाती असते. ज्याचा फटका देखणा, ज्याचे छायाचित्र छापून आले, जो परदेशात खेळला आणि ज्याचे वर्णन रेडिओवर ऐकले, तोच लक्षात राहतो. बाकीचे विसरले जातात. विसरलेल्या माणसाच्या बाजूने उभा राहतो तो आकडाच.

शिवलकरांचेच घ्या. १२४ प्रथम श्रेणी सामने, ५८९ बळी, सरासरी १९.६९, आणि कसोटी सामने शून्य. त्यांच्याच काळात, त्यांच्यासारखीच डावखुरी फिरकी टाकणारा बिशनसिंग बेदी भारताच्या संघात होता. बेदी थोर होताच, त्याने २६६ कसोटी बळी मिळवले. पण दोघांना एका वेळी खेळवण्याची बुद्धी निवडकर्त्यांना झाली नाही. ५८९ हा आकडा नसता, तर शिवलकरांविषयी आपल्यापाशी उरली असती ती हळहळ. आकडा आहे म्हणून ते गाऱ्हाणे न राहता पुरावा ठरतो. २०२५ च्या मार्चमध्ये शिवलकर गेले. आमच्या खेळात मात्र गोलंदाजांमध्ये त्यांची निवड पहिल्या दोन फेऱ्यांतच होते. बेदीला बाकावर बसवण्याची वेळच येत नाही, कारण तो मुंबईचा नव्हे.

तेव्हा माझे म्हणणे आकडे फेकून द्या असे नाही. आमच्या इतिहासाच्या बाई वर्गात सांगतात की, कोणतेही साधन हाती आले की तीन प्रश्न विचारावेत: हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले आणि ते कशाविषयी गप्प आहे. बखरीला जे लागू तेच धावपत्रकालाही लागू. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. तिसरा प्रश्न अवघड, आणि सर्वकालीन संघाच्या बाबतीत तोच महत्त्वाचा.

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिनच्या नाबाद ३२६, विनोदच्या नाबाद ३४९. हा आकडा सर्वांना पाठ आहे. त्या भागीदारीत पुढचा फलंदाज पॅड बांधून आपली पाळी येण्याची वाट पाहत बसला होता, त्याचे नाव अमोल मुजुमदार. त्या दिवसाच्या धावपत्रकात त्याच्या नावापुढे धावा नाहीत. पुढे त्याने प्रथम श्रेणीच्या पहिल्याच सामन्यात २६० धावा केल्या, कारकिर्दीत ११,१६७ धावा आणि ३० शतके काढली, पण भारताकडून तो एकदाही खेळला नाही. वाट पाहणे हे कोणत्याच कोष्टकात मोजले जात नाही. याच मुजुमदारांच्या मार्गदर्शनाखाली भारताच्या मुलींनी २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला. तोही त्यांच्या सरासरीत धरला जाणार नाही.

मुजुमदारांच्या नावापुढे निदान ११,१६७ धावा तरी आहेत. ज्यांच्यासाठी कोष्टकच नव्हते, त्यांचे काय?

पाळवणकर बाळू यांचा जन्म १८७६ चा. दलित समाजात जन्मलेला हा डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्याला गोऱ्यांच्या जिमखान्यावर नोकरी करत गोलंदाजी शिकला आणि पुढे मुंबईत हिंदूंच्या संघाचा आधारस्तंभ झाला. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला, तेव्हा त्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. पण पुण्याच्या दिवसांत, ज्या संघासाठी ते बळी घेत, तेच सोबती चहाच्या वेळी त्यांना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात चहा देत. संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधीच दिले गेले नाही. धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ साली मिळाले. बाळूंच्या नावावर प्रथम श्रेणीचे ३३ सामने आणि १७९ बळी आहेत, सरासरी १५.२१. शिवलकरांहूनही सरस! परंतु आमच्या खेळात बाळू कोणालाच घेता येत नाहीत. रणजी करंडक सुरू झाला १९३४ साली, आणि आमची अट रणजीची आहे. कसोटीची अट घातली तरी तेच, कारण भारताची पहिली कसोटी १९३२ ची. वरवर पाहता निरुपद्रवी वाटणारी एक अट, आणि तिने मुंबईच्या मैदानांवर खेळलेला एक थोर गोलंदाज दाराबाहेर ठेवला. अट घालणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते, हे खरे. दार मात्र बंदच राहिले.

यावर इलाज आहे का? बेसबॉलवाल्यांनी एक इलाज केलेला आहे. अमेरिकेत कृष्णवर्णीय खेळाडूंना कित्येक वर्षे मुख्य स्पर्धांत प्रवेश नव्हता. ते आपल्या वेगळ्या 'नीग्रो लीग'मध्ये खेळत. जॉश गिब्सन हा त्यांतला महान फलंदाज जानेवारी १९४७ मध्ये वारला. त्यानंतर तीनच महिन्यांनी जॅकी रॉबिन्सनसाठी मुख्य स्पर्धेचे दार उघडले. अभ्यासकांनी जुन्या वर्तमानपत्रांतून एकेका सामन्याचा तपशील वेचून काढला आणि मे २०२४ मध्ये ते आकडे अधिकृत नोंदवहीत सामील झाले. टाय कॉब याची ०.३६७ ही सरासरी पिढ्यान्‌पिढ्या सर्वोच्च मानली जात होती. आता गिब्सनची ०.३७२ तिच्या वर आहे. गिब्सनला याचा काही उपयोग नाही. पण पुढे जो मुलगा आपला सर्वकालीन संघ निवडील, त्याला यादीत पहिले नाव गिब्सनचे दिसेल. हे काही थोडे नव्हे.

म्हणून आमच्या खेळात मी दोन बदल सुचवतो. पहिला असा की, रणजीची अट काढून टाकावी आणि मुंबईच्या मैदानांवर प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला दार उघडे करावे. दुसरा बदल असा की, खेळाडू घेताना त्याच्याविषयी एक वाक्य बोलण्याची सक्ती असावी: जे त्याच्या सरासरीत नाही ते. बाळू घेणाऱ्याने मातीच्या भांड्याविषयी बोलावे, मर्चंट घेणाऱ्याने महायुद्धाविषयी. खेळ थोडा लांबेल. लांबू दे, कँटीनच्या चहाची कोणाला घाई असते?

आणि तिसरी सूचना खेळाबाहेरची आहे. आपण उपनगरातले विद्यार्थी. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही आपल्याला दूरची. बोरिवली-मुलुंडची मुले पहाटेच्या लोकलमध्ये किटबॅग सांभाळत तेथे जातात, दोन षटके मिळाली तर टाकतात आणि संध्याकाळच्या गर्दीत परत येतात. त्यांचे सामने कोण लिहून ठेवतो? आपल्या महाविद्यालयाच्या मुलींच्या सामन्याला धावलेखक मिळाला नाही म्हणून शेवटच्या फळीतल्या एका मुलीने वहीच्या पानावर धावा मांडल्या, आणि ती फलंदाजीला गेल्यावर ते पानही कोरे राहिले, हे मी स्वतः पाहिले आहे. महिला क्रिकेटची संघटना आपल्या देशात १९७३ साली स्थापन झाली. मुंबईच्या डायना एदलजी यांनी २० कसोटींत ६३ बळी घेतले. त्या काळच्या स्थानिक सामन्यांचे असे किती कागद रद्दीत गेले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

या वार्षिकात क्रीडा विभागाचा अहवाल दरवर्षी एका पानाचा असतो: अमुक स्पर्धेत सहभाग, तमुक स्पर्धेत उपविजेतेपद, मार्गदर्शकांचे आभार. माझी जिमखाना समितीला नम्र विनंती आहे की, पुढील वर्षापासून मुलांच्या आणि मुलींच्या प्रत्येक सामन्याचे संपूर्ण धावपत्रक ठेवावे आणि ते येथे छापावे. दोन पाने अधिक लागतील. हवे तर माझ्यासारख्यांचे लेख कमी करावेत. आणखी पन्नास वर्षांनी कोणी या महाविद्यालयाचा सर्वकालीन संघ निवडायला बसेल, तेव्हा त्याच्याशी भांडायला आपण नसू. पण ज्या मुलीने चार बळी घेतले, तिचे नाव निदान त्याला वाचता येईल.